साठ दिवसांच्या घड्याळाला किल्ली कोण देतो?

उत्तररात्र

17 ऑगस्ट 1787. फिलाडेल्फियात अमेरिकेच्या राज्यघटनेचा मसुदा कलमाकलमाने वाचला जातोय. काँग्रेसच्या अधिकारांच्या यादीत एक अधिकार लिहिलाय, "युद्ध करणे". (काँग्रेस म्हणजे त्यांची संसद, सिनेट आणि प्रतिनिधिगृह अशा दोन सभागृहांची. दरवेळी कुणीतरी गल्लत करतं म्हणून आधीच सांगून ठेवतो.) चार्ल्स पिंकनी म्हणतात, एवढी मोठी सभा या कामाला फार संथ पडेल, सिनेटकडे द्या. पिअर्स बटलर त्याच्याही पुढे जातात. म्हणे सरळ राष्ट्राध्यक्षाकडेच द्या, देश पाठीशी असल्याशिवाय तो काही युद्ध करायचा नाही. त्यावर एल्ब्रिज गेरी उसळतात. प्रजासत्ताकात एकट्या माणसाच्या हाती युद्ध पुकारायचं सोपवा असं कुणी सुचवेल, अशी त्यांनी कल्पनाच केलेली नसते. मग मॅडिसन आणि गेरी मिळून एक शब्द बदलतात. "करणे" खोडून "पुकारणे". अचानक हल्ला झाला तर तो परतवायला राष्ट्राध्यक्ष मोकळा असावा, एवढाच त्यामागचा हेतू मॅडिसनच्या टिपणांत आहे.

त्या एका शब्दाच्या फटीतून सव्वादोनशेहून जास्त वर्षं सैन्य जा-ये करतंय.

अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारलं ते आजवर 11 वेळा, एकंदर 5 युद्धांत. शेवटचं 5 जून 1942 ला, बल्गेरिया, हंगेरी आणि रोमानियाविरुद्ध. त्यानंतर जे झालं त्यातलं काहीच "पुकारलेलं" नाही. कोरियात 36 हजारांवर अमेरिकी सैनिकांचे प्राण गेले आणि ट्रुमन यांनी काँग्रेसकडे मत मागितलंच नाही. याला संयुक्त राष्ट्रांची पोलिसी कारवाई म्हणायचं का, असं एका पत्रकाराने विचारलं, ते हो म्हणाले, आणि तेच नाव पडलं.

व्हिएतनामच्या वेळी मत झालं, पण कसं? ऑगस्ट 1964 चा टोंकिन आखाताचा ठराव. प्रतिनिधिगृहात 416 विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. विरोध करणारे दोघे म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. बाकीच्यांनी कोऱ्या धनादेशावर सही करावी तशी मान डोलावली आणि पुढे दहा वर्षं पस्तावले.

त्या पस्ताव्यातून 1973 चा युद्धाधिकार कायदा आला. निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी (284-135 आणि 75-18) तो मोडून काढला. कायदा थोडक्यात असा: सैन्य लढाईत उतरवलं की 48 तासांत काँग्रेसला लेखी कळवायचं. तिथून 60 दिवसांत काँग्रेसची परवानगी मिळाली नाही तर सैन्य मागे घ्यायचं. सुखरूप माघारीसाठी फार तर 30 दिवस आणखी.

वाचायला झकास आहे. आता खोच बघा. अहवाल तीन प्रकारचे असू शकतात आणि 60 दिवसांचं घड्याळ फक्त पहिल्या प्रकाराने सुरू होतं, म्हणजे "प्रत्यक्ष लढाई चालू आहे किंवा स्पष्ट दिसते आहे" या पोटकलमाखालच्या अहवालाने. तेव्हा राष्ट्राध्यक्ष काय करतात? अहवाल पाठवतात, अगदी वेळेत पाठवतात. पण "कायद्यानुसार" असं लिहीत नाहीत. "कायद्याशी सुसंगत राहून" असं लिहितात आणि पोटकलमाचा आकडा घालतच नाहीत. आतापर्यंत शेकड्याच्या वर अहवाल गेलेत. ते पोटकलम नाव घेऊन लिहिलेला अहवाल एकच, 1975 चा.

माझं म्हणणं असं की राष्ट्राध्यक्षांनी अधिकार पळवला ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे काँग्रेसला तो नकोच आहे. कायद्यात "अहवाल दिला, किंवा द्यायला हवा होता" असं लिहिलंय, म्हणजे घड्याळ लावायला राष्ट्राध्यक्षाची सही लागत नाही. काँग्रेस स्वतः ठराव करून म्हणू शकते की अमुक तारखेला घड्याळ लागलं. 1983 मध्ये लेबनॉनच्या बाबतीत तसं म्हणालीही. आणि त्याच ठरावात 18 महिन्यांची परवानगी देऊन मोकळी झाली! नंतर दोन आठवडेही होत नाहीत तोच बैरूतच्या तळावर स्फोट होऊन 241 अमेरिकी सैनिक गेले.

तुम्हाला काय वाटतं? नुसतं "ट्रम्प वाईट" किंवा "ओबामा वाईट" लिहायचं असेल तर कृपया दुसरीकडे लिहा.

शेवटचा बाक

लेख आवडला, पण मूळ गृहीतकाशी असहमत. 1787 मध्ये सैन्य जहाजाने जायचं, महिने लागायचे. आज क्षेपणास्त्र अर्ध्या तासात खंड ओलांडतं. 535 जणांची सभा बोलवा, भाषणं होऊ द्या, दुरुस्त्या सुचवा, तोवर ज्याच्यावर हल्ला करायचा तो सामान आवरून पसार. गुप्तता नावाचीही एक चीज असते. पिंकनीचं "संथ पडेल" हे तेव्हाही बरोबर होतं.

उत्तररात्र

@शेवटचा बाक: हल्ला परतवायला कुणाची ना आहे? ती मुभा मॅडिसननेच ठेवलीय आणि 1973 च्या कायद्यातही 60 दिवस आहेतच. वाद 61 व्या दिवसाचा आहे.

लिबिया घ्या. 19 मार्च 2011 ला बॉम्बफेक सुरू झाली. ओबामांनी 48 तासांत अहवाल दिला. 20 मे ला साठ दिवस भरले. मोहीम चालली ऑक्टोबरअखेरपर्यंत. सात महिने अर्ध्या तासाची घाई होती का?

तिथे काढलेली पळवाट अभ्यासण्यासारखी आहे. 60 दिवस उलटल्यावर सरकारचं म्हणणं असं की ही "लढाई"च नाही. आपलं पायदळ तिथे नाही, आपला माणूस मरायची शक्यता कमी, बराचसा भार नाटोवर. सबब कायद्यातला शब्द लागूच पडत नाही. संरक्षण खात्याच्या आणि न्याय खात्याच्या वकिलांना हे पटलेलं नव्हतं. सिनेटच्या समितीपुढे हा युक्तिवाद मांडायला आले परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार हॅरल्ड को. प्राध्यापक असताना याच को यांनी राष्ट्राध्यक्षांच्या बेलगाम युद्धाधिकारावर आयुष्यभर टीका केलेली. खुर्ची बदलली की चष्म्याचा नंबर बदलतो म्हणतात ते असं.

या व्याख्येचा अर्थ काय होतो? वरून बॉम्ब पडतोय आणि खाली माणसं मरतायत, पण टाकणाऱ्याला ओरखडाही उठायची शक्यता नाही, तर ती लढाई नव्हे. ड्रोनच्या जमान्यात ही व्याख्या मान्य केली तर कायद्यात उरलं काय?

चष्मेबद्दूर

+1. चष्म्याच्या वाक्याला तर +2.

कलमकसाई

उत्तररात्र यांनी काँग्रेसवर ठपका ठेवलाय तो बराचसा खरा, पण कायद्याचं एक हाड मोडलंय त्याचा उल्लेख राहिला. 1973 च्या कायद्यात खरा लगाम होता तो असा: दोन्ही सभागृहांनी साध्या बहुमताने ठराव केला की राष्ट्राध्यक्षाने सैन्य परत आणायचं. त्याच्या सहीचा प्रश्न नाही, म्हणून नकाराधिकाराचाही नाही. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चढ्ढा खटल्यात (प्रकरण होतं एका परदेशी विद्यार्थ्याच्या हद्दपारीचं, युद्धाशी सुतराम संबंध नाही) सांगून टाकलं की राष्ट्राध्यक्षापुढे न ठेवता केलेला असा ठराव कायदा म्हणून बांधील नाही. त्या एका निकालाने कितीतरी कायद्यांमधली असली कलमं खिळखिळी झाली, त्यात हे पण गेलं.

आता हिशोब मांडा. घटनेच्या मूळ रचनेत राष्ट्राध्यक्षाला युद्ध सुरू करायला दोन्ही सभागृहांचं बहुमत मिळवावं लागत होतं. आज काँग्रेसला चालू युद्ध थांबवायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मिळवावे लागतात. पारडं पुरतं फिरलं, आणि राज्यघटनेत एक अक्षर न बदलता.

येमेनचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये सौदी आघाडीला दिलेली लष्करी मदत थांबवायचा ठराव सिनेटमध्ये 54-46 आणि प्रतिनिधिगृहात 247-175 असा मंजूर झाला. युद्धाधिकार कायद्याखालचा असा ठराव दोन्ही सभागृहांतून जाण्याची ही पहिलीच वेळ. 16 एप्रिलला ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला. मे महिन्यात सिनेटमध्ये पुन्हा मतदान, 53-45. बहुमत स्पष्ट, आणि उपयोग शून्य. 2020 मध्ये इराणच्या ठरावाचीही हीच गत झाली.

गल्लीतला गॅलिलिओ

मग कोर्टात का जात नाहीत?

कलमकसाई

गेलेत की! प्रत्येक वेळी दारातून परत. 1990 मध्ये आखाती युद्धाच्या आधी काँग्रेसचे 54 सदस्य गेले होते. न्यायाधीशांनी तत्त्वतः त्यांची बाजू बऱ्यापैकी मान्य केली, पण म्हणाले, तुम्ही 54 म्हणजे काँग्रेस नव्हे. बहुमताने ठराव करून या, मग बघू. कोसोवोच्या वेळी (1999 ची युगोस्लावियावरची बॉम्बफेक) टॉम कॅम्बेल आणि काही सदस्य गेले, तर दावा लावायचा हक्कच तुम्हाला नाही म्हणून खटला निकालात निघाला. कोर्टाचं म्हणणं दरवेळी साधारण एकच: तुमच्या हातात हत्यार आहे, आधी ते वापरा.

मी स्वतः 1952 च्या पोलाद गिरण्यांच्या निकालातलं (ट्रुमन यांनी गिरण्या ताब्यात घेतल्या होत्या, सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं) न्या. जॅक्सन यांचं मत पुन्हा पुन्हा वाचतो. काँग्रेसची संमती असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाचा अधिकार सर्वांत जास्त, काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध जाईल तेव्हा सर्वांत कमी, आणि काँग्रेस गप्प असेल तेव्हा मधला संधिप्रकाश. आजचं बहुतेक सगळं त्या संधिप्रकाशात चालतं.

उत्तररात्र

कलमकसाई, चढ्ढाबद्दल आभार, ते मी गाळायला नको होतं. पण "तुमच्या हातात हत्यार आहे" यावरून माझाच मुद्दा पुढे नेतो. हत्यार म्हणजे पैसा. सैन्याचा खर्च काँग्रेसने मंजूर केल्याशिवाय निघत नाही, आणि लष्करासाठी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची तरतूद करता येत नाही असं घटनेतच आहे.

आता हे दोन दिवस शेजारी ठेवून बघा.

28 एप्रिल 1999, प्रतिनिधिगृह, विषय कोसोवो. युगोस्लावियाविरुद्ध युद्ध पुकारायचं? 2 विरुद्ध 427, नाही. सैन्य मागे घ्यायचं? 139 विरुद्ध 290, नाही. मग चालू हवाई हल्ल्यांना पाठिंबा तरी द्यायचा? 213-213, बरोबरी, म्हणजे तेही नाही. पुढच्याच महिन्यात त्याच मोहिमेसाठी जादा पैसे मात्र मंजूर! 78 दिवस बॉम्ब पडले, साठावा दिवस मध्येच कधीतरी येऊन गेला.

24 जून 2011, पुन्हा प्रतिनिधिगृह, विषय लिबिया. परवानगी द्यायची? 123 विरुद्ध 295, नाही. बरं, मग पैसे आवळायचे? 180 विरुद्ध 238, नाही. दोन्ही एकाच दिवशी.

याला अधिकार हिरावला जाणं म्हणायचं? सून घरात नको पण घराबाहेरही नको, तसला प्रकार. परवानगी दिली तर उद्या युद्ध फसल्यावर नावावर डाग, आणि पैसे तोडले तर "सैनिकांना वाऱ्यावर सोडलं" म्हणून निवडणुकीत जाहिरात. 2002 मध्ये इराकच्या परवानगीला हो म्हणणाऱ्या सिनेटरांना ते मत किती वर्षं चघळावं लागलं ते आठवा. 2008 मध्ये हिलरी क्लिंटन यांना ते चांगलंच भोवलं.

शेवटचा बाक

सून कुठून आली मध्येच? :) पण 1999 ची आकडेवारी खरंच भारी आहे. तीन नकार आणि मग पाकीट.

कॉल वेटिंग

मी तिकडेच राहते, नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झाली. जून 2025 मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला झाल्यावर काँग्रेसच्या परवानगीशिवाय पुढे लढायचं नाही असा ठराव यायचा होता, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आमच्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या कचेरीत फोन केला. नाव सांगत नाही, पक्षही सांगत नाही.

एका मुलाने उचलला, आवाजावरून विशीतला असावा. आधी पिनकोड विचारला. मी रात्री बसून दोन परिच्छेद लिहून काढले होते, ते वाचायला लागले. पहिलं वाक्य संपायच्या आत त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, ठरावाच्या बाजूने की विरोधात?" मी म्हटलं बाजूने. पलीकडे कळफलकावर एक टिकटिक ऐकू आली. एकच. "नोंद घेतली आहे, सर परिस्थितीवर लक्ष ठेवून आहेत." मी विचारलं, पण सर मत कुठलं देणार? तर म्हणे, अजून ठराव सभागृहापुढे आलेला नाही. हे तीनदा तीन प्रकारे विचारलं, उत्तर तेच.

त्या शुक्रवारी सिनेटमध्ये तसला ठराव 47-53 ने पडला. आमचे सर बहुधा अजून लक्ष ठेवून असतील.

चष्मेबद्दूर

एक टिकटिक! वाचून हसलो आणि मग हसू आवरलं.

धुकट

सगळी चर्चा अमेरिकेवर चालली आहे, तर जर्मनीबद्दल थोडं लिहितो. मी तिथे शिकायला होतो आणि या विषयाने मला तिथेच पछाडलं.

जर्मन लष्कराला "संसदेचं लष्कर" म्हणतात आणि ते नुसतं म्हणायला नाही. जुलै 1994 मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की परदेशात सशस्त्र तुकडी पाठवायची तर बुंडेस्टागची (म्हणजे त्यांच्या संसदेची) आधी मंजुरी हवी. 2005 मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. सरकारने प्रस्तावात कुठे, कशासाठी, जास्तीत जास्त किती सैनिक, किती काळ, खर्च किती हे सगळं लिहायचं. बुंडेस्टाग हो किंवा नाही म्हणणार, प्रस्तावाच्या मजकुरात काटछाट करू शकत नाही. मुदत संपली की पुन्हा यायचं. अफगाणिस्तानसाठी जवळजवळ वीस वर्षं असे मुदतवाढीचे फेरे झाले.

पण 16 नोव्हेंबर 2001 ला काय झालं ते बघा. सैन्य पाठवायला चॅन्सेलर (म्हणजे सरकारप्रमुख) श्रोडर यांच्याच आघाडीतले काही खासदार, मुख्यतः ग्रीन पक्षाचे, तयार नव्हते. श्रोडरनी तो प्रस्ताव विश्वासदर्शक ठरावाला बांधला. पाडाल तर सरकार पडेल. हवी होती 334 मतं, मिळाली 336. ग्रीन पक्षात आठ जण विरोधात होते. त्यांनी आपापसांत ठरवून चार हो, चार नाही अशी वाटणी केली. सदसद्विवेकाची इतकी काटेकोर वाटणी दुसरीकडे पाहिली नाही.

आणि शेवटचा बाक यांच्या घाईच्या मुद्द्यालाही तिथे उत्तर आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये लिबियातल्या नफुरा इथून लष्करी विमानांनी लोकांना तातडीने बाहेर काढलं, विमानात सशस्त्र सैनिक होते, संसदेला विचारलं नव्हतं. ग्रीन पक्ष कोर्टात गेला. 2015 मध्ये न्यायालय म्हणालं, जीव धोक्यात असताना सरकार आधी कृती करू शकतं, पण लगेच संसदेला कळवायला हवं, आणि मोहीम अजून चालू असेल तर मंजुरीही घ्यायला हवी. म्हणजे घाई आणि मंजुरी एकत्र नांदू शकतात. नांदतात याचं चित्र मात्र कधीकधी विनोदी दिसतं: ऑगस्ट 2021 मध्ये काबूलहून लोकांना काढायच्या मोहिमेला बुंडेस्टागने 25 तारखेला मंजुरी दिली आणि 26 तारखेला जर्मन उड्डाणं संपली.

शेवटचा बाक

धुकट, हा प्रतिसाद खरंच माहितीपूर्ण. थोडा मागे सरकतो: घाईसाठी अपवाद ठेवून उरलेल्यावर मंजुरी, हे शक्य दिसतं. पण जर्मनीला हे परवडतं कारण अवघड वेळी दुसरा कुणी पुढे होतो. तो दुसराही मुदतवाढीच्या रांगेत उभा राहिला तर?

धुकट

हा प्रश्न जर्मन लोक स्वतःलाही विचारतात. माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही.

गल्लीतला गॅलिलिओ

ब्रिटन राहिलं की. तिथे कायदा नाहीच, राजाचा विशेषाधिकार पंतप्रधान वापरतो. 2003 मध्ये ब्लेअर यांनी इराकसाठी आधी मत घेतलं (412-149) आणि तेव्हापासून "विचारायचं असतं" असा प्रघात पडला. 29 ऑगस्ट 2013 ला कॅमेरून सीरियासाठी विचारायला गेले आणि 285-272 ने हरले. त्यांनी तिथल्या तिथे मान्य केलं. त्याचा धक्का अटलांटिकपार बसला. ओबामांनी दोन दिवसांत जाहीर केलं की मीही काँग्रेसला विचारतो. काँग्रेसने काय केलं? सिनेटच्या समितीने 10-7 असं पुढे पाठवलं आणि सभागृहात मतदान झालंच नाही!

आणि प्रघाताचं आयुष्य किती? एप्रिल 2018 मध्ये थेरेसा मे यांनी सीरियावर हल्ला केला, संसदेला सुट्टी होती, विचारलं नाही. नंतर येऊन सांगितलं.

निवृत्त फौजी

बराच वेळ नुसता वाचत होतो. आपल्याकडचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

29 जुलै 1987 ला भारत-श्रीलंका करार झाला आणि लगेच शांतिसेना गेली. मी नंतरच्या भरतीतला, पण आमच्या युनिटमधले जुने जेसीओ (जवानांतून बढती मिळालेले अधिकारी) तिथे जाऊन आलेले होते. त्यातले एक सांगायचे, जाताना आम्हाला सांगितलं होतं की तमिळ बंडखोरांची हत्यारं गोळा करायची आहेत, लोक हार घालतील. पहिले काही दिवस घातलेही. ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या गल्ल्यांत त्याच माणसांशी लढाई जुंपली. नकाशे धड नव्हते, कुठलं घर कुणाचं ते कळत नव्हतं. साहेब हे सांगताना बोलायचे थांबायचे आणि बूट पॉलिश करायला घ्यायचे. पॉलिश झालेलाच बूट.

जवळपास 1200 जवानांचे प्राण तिथे गेले. शेवटची तुकडी मार्च 1990 मध्ये परतली. मद्रासला स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री आले नाहीत. या सगळ्यात संसदेत प्रश्न आले, चर्चा झाल्या. पण शांतिसैनिकाचं काम बदलून लढाईचं झालं, ते करावं की नाही यावर एकदाही मत झालं नाही. मी राजकारणावर बोलत नाही. फक्त एवढंच, की कुणीतरी हात वर करून "हो, पाठवा" म्हणालं असतं तर ते नाव कुठेतरी लिहिलेलं राहिलं असतं.

चष्मेबद्दूर

सलाम.

कलमकसाई

फौजी साहेब, तुमच्या प्रतिसादाला कायद्याची तळटीप जोडतो, राग नसावा.

आपल्या घटनेत युद्ध पुकारायला संसदेची मंजुरी हवी असं कलम नाही. कलम 53(2) नुसार सैन्यदलांचं सर्वोच्च नेतृत्व राष्ट्रपतींकडे, आणि त्याचा वापर "कायद्याने विनियमित" होईल असं पुढे लिहिलंय. सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत 15 वी नोंद आहे: युद्ध आणि शांतता. म्हणजे परदेशात सैन्य पाठवायला मंजुरी लागेल असा कायदा करायचा ठरवलं तर संसदेला आडकाठी नाही. केलेला नाही, इतकंच.

गंमत अशी की युद्धामुळे आणीबाणी जाहीर केली तर तिला एका महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही साधी नाही: एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांत दोन तृतीयांश. 1975 चा चटका बसल्यावर 44 व्या घटनादुरुस्तीने केलेली सोय. घरात दिवे घालवायचे तर संसदेला विचारा, दुसऱ्याच्या घरात सैन्य न्यायचं तर मंत्रिमंडळ पुरे.

आपल्याकडे संसद हत्यार म्हणून काय वापरते? अविश्वास ठराव, अंदाजपत्रक, आणि बोलणं. बोलणं कमी लेखू नका. 1962 मध्ये चीनचं आक्रमण चालू असताना 8 नोव्हेंबरला संसदेचं अधिवेशन भरलं, तरुण वाजपेयी ते लवकर बोलवा म्हणून मागे लागले होते. नेहरूंना भर सभागृहात ऐकून घ्यावं लागलं, युद्ध चालू असताना.

उत्तररात्र

आणि 2003! इराकवर अमेरिकेने हल्ला केल्यावर लोकसभेत ठराव कुठल्या शब्दांत करायचा यावर किती दिवस घोळ चालला होता. विरोधकांना कडक शब्द हवा, सरकारला मवाळ. तोडगा असा निघाला की हिंदीत "निंदा" लिहायचं आणि इंग्रजीत "डिप्लोअर". दिल्लीत ऐकणाऱ्याला निषेध ऐकू यावा, वॉशिंग्टनमध्ये वाचणाऱ्याला खेद. 8 एप्रिलला ठराव झाला, 9 ला बगदाद पडलं.

आपण हसतो, पण तो ठराव फुकट गेला असं मला वाटत नाही. नंतर अमेरिका भारताकडे इराकसाठी सैन्य मागत होती, सरकारात तशी इच्छा असणारेही होते. 14 जुलैला मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने नाही म्हटलं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून. तीन महिन्यांपूर्वी सभागृहाने एकमुखाने केलेली "निंदा" समोर पडलेली असताना हो म्हणणं सोपं नव्हतं. दोन जिभांचा शब्द होता, पण नोंदलेला होता. फौजी साहेब म्हणतात ते हेच. कुठेतरी लिहिलेलं असणं.

कॉल वेटिंग

लिहिलेलं असण्यावरून बार्बरा ली आठवल्या. सप्टेंबर 2001, अकरा तारखेच्या हल्ल्यानंतर लष्करी बळ वापरायची परवानगी देणारा ठराव, प्रतिनिधिगृहात 420 विरुद्ध 1, आणि ती एक त्या. ठरावाचा गाभा जेमतेम 60 इंग्रजी शब्दांचा, त्यात मुदत नाही, देशाचं नाव नाही. त्यांना ठार मारायच्या धमक्या आल्या, पोलिसांचं संरक्षण घ्यावं लागलं. तो ठराव पुढे अशा संघटनांवरही वापरला गेला ज्या 2001 मध्ये अस्तित्वातच नव्हत्या. आणि 2002 चा इराकचा ठराव 2020 मध्ये इराणचे सेनापती सुलेमानी यांना मारताना एक आधार म्हणून पुढे केला गेला. सद्दामला फाशी होऊन तेरा वर्षं झाली होती! सिनेटने तो रद्द करायला 2023 मध्ये 66-30 असं मत दिलं, ते प्रतिनिधिगृहात अडकलं, शेवटी डिसेंबर 2025 च्या संरक्षण कायद्यात रद्द झाला. 2001 चा अजून आहे.

शेवटचा बाक

वर एका अहवालाचा उल्लेख आहे, ते पोटकलम लिहिलेला एकमेव, 1975 चा. तो कसला? म्हणजे एकदा तरी घड्याळ लागलं होतं ना?

उत्तररात्र

मायाग्वेझ नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज. मे 1975, कंबोडियात ख्मेर रूज (तिथले कम्युनिस्ट बंडखोर) सत्तेवर येऊन महिनाही झाला नव्हता. त्यांनी जहाज पकडलं. फोर्ड यांनी को तांग बेटावर मरीन उतरवले, कारण जहाजावरचे चाळीसेक लोक तिथे असतील असा अंदाज होता. ते तिथे नव्हते. बेटावर तुंबळ लढाई चालू असतानाच कंबोडियनांनी त्या लोकांना एका मासेमारी बोटीतून सोडून दिलं.

15 मे च्या तारखेचा फोर्ड यांचा अहवाल काँग्रेसकडे पोचला तेव्हा जहाजावरचे लोक सुटलेले होते आणि काही तासांत बेटावरून माघारही झाली. म्हणजे साठ दिवस मोजायला उरलं काहीच नव्हतं. शिवाय शब्द बघा. तिथेही "पोटकलमानुसार" नाही, "पोटकलमाची दखल घेऊन" असं आहे.

मोहिमेत 41 अमेरिकी गेले, त्यातले 23 तयारीच्या वेळी थायलंडमध्ये हेलिकॉप्टर कोसळून. माघारीच्या गोंधळात तीन मरीन बेटावरच राहिले, ते परत आले नाहीत. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर जी शेवटची नावं कोरलेली आहेत ती या 41 जणांची.